छातीच्या उंचीवर

त्याला सगळे शेपूट म्हणत. डोंगरावरच्या शर्यतीत सर्वांत शेवटी पळायचं, मागे पडलेल्यांना धीर द्यायचा आणि झाडांना बांधलेल्या पिवळ्या फिती सोडवत यायचं, हे काम पहिल्या शर्यतीपासून त्याच्या गळ्यात पडलं होतं. एरवी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात तो अगदी गरीब गाय. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तरी हसून सोडून द्यायचा. डोंगराचा विषय निघाला की मात्र त्याचं डोकं फिरायचं.

डोंगर शहराच्या पाठीला लागूनच होता आणि तो कुणा एकाचा नव्हता, सगळ्यांचा होता. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही असं धरून पालिकेने तो विकायला काढला. कारण काय दिलं, तर मोटारसायकलवाल्यांनी तो असा नासवलाय की राखण्यासारखं काही उरलेलंच नाही. तेव्हा भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी कंबर कसली आणि शर्यत सुरू केली. पळणाऱ्यांनी वर्गणी द्यायची, त्यातून वकील, रोपं आणि एक रखवालदार. बाईंचे नियम कडक होते. डोंगरावर रंग फासायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, शर्यतीच्या दिवशी एकही इंजिन वर चढवायचं नाही. वाट दाखवायला फक्त कापडी फिती, आणि झाडाची साल दुखू नये म्हणून त्यांच्या गाठीही सैल. सालीला इतकं जपणारी माणसं माणसाला किती जपतात, ते पुढे दिसेलच.

मोटारसायकलवाल्यांतल्या एकाला सगळे फटफट्या म्हणत. तो फरशा बसवायचा. आठवडाभर लोकांच्या न्हाणीघरांत गुडघ्यांवर रांगायचा आणि सुट्टीच्या दिवशी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन डोंगरावर उंडारायचा. त्याने आणि त्याच्या दोन दोस्तांनी मुख्य पायवाटेला फुटणारी एक आडवाट पाडली होती. ती झुडपांतून तीरासारखी खाली जायची आणि थेट डांबरी रस्त्याला लागायची. शर्यतीच्या महिनाभर आधी त्या आडवाटेवर शेपटाला नवी लावलेली रोपं चाकाखाली चिरडलेली दिसली. तेवढ्यात वरून इंजिनाचा आवाज आला. तो वाटेत आडवा उभा राहिला.

"बाजूला हो, शेपट्या," फटफट्या गाडी थांबवून म्हणाला.

"रोपं कुणी चिरडली?"

"डोंगर सगळ्यांचा ना? तुम्हीच बोंबलत फिरता. मग मी काय त्या सगळ्यांत नाही?"

याचं उत्तर म्हणून शेपटाने त्याच्या कानाखाली वाजवली. पुढे जे झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत. फटफट्याने हेल्मेट काढलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. मानगूट धरून त्याचं तोंड त्या चिरडलेल्या रोपांच्या मातीत दाबलं आणि म्हणाला, "खा. सगळा डोंगर खा." शेपूट घरी आला तो पुढचा दात मुठीत घेऊन.

घरी आई आणि धाकटी बहीण. बहिणीला घरात बारकी म्हणत, कारण ती अंगापिंडाने बारकी होती आणि उंचीने दादाच्या खांद्याला जेमतेम लागायची. ती केस कापायची. हात कात्रीवर आणि तोंडाचा पट्टा सुरू, अशी तिची ख्याती. बायका केसांपेक्षा गप्पांसाठीच तिच्याकडे येतात, असं आई म्हणायची. त्या दिवशी ती त्याच्या ओठाला बर्फ लावत होती आणि बोलत होती.

"दादा, तू त्याला जाब विचारायला गेलासच कशाला? गुपचूप चाकातली हवा सोडायची. तुझा धंदाच आहे तो."

त्याला हसू आलं आणि हसल्यावर बरगडीत कळ आली. आई मुकाट्याने त्याच्या शर्टाचं रक्त चोळून काढत होती. ओठ भरून आला. अपमान काही भरला नाही. दुकानात चाकाच्या तारा ताणताना त्याला तोंडात माती लागायची. आरशात दाताची खिंड दिसली की तळपायाची आग मस्तकात जायची.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, दुकान बंद करून उजेड असतानाच तो त्या आडवाटेवर गेला. मागच्या ब्रेकच्या लांब तारा त्याने बरोबर घेतल्या होत्या. आडवाट जिथून फुटते तिथून थोडं खाली दोन झाडं समोरासमोर होती आणि मधे उतार असा की गाडी आपसूक वेग घ्यायची. तिथे त्याने तारा जोडून आडव्या ताणल्या आणि स्क्रूच्या चाप्यांनी घट्ट केल्या. उंची बेतून घेतली. फटफट्या गाडीवर बसतो तेव्हा त्याची छाती कुठे येते, ते त्याने डोळ्यांसमोर आणलं. आपण वाटेत उभे होतो आणि तो समोर बसला होता, त्यामुळे ते नीट आठवत होतं. पडेल, खांदा निखळेल, महिनाभर फरशीला हात लावता येणार नाही, पुन्हा इकडे फिरकणार नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. मेला तर, हाही प्रश्न मनात आला. त्याने चापीला आणखी एक पिळा दिला.

फटफट्या त्या आठवड्यात आलाच नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी फिती बांधायला शेपूट वर गेला तेव्हा तार तशीच होती. काढावी का, असं मनात येऊन गेलं. शर्यतीची वाट फाट्यावरून उजवीकडे होती, तार डावीकडे. त्या बाजूला चालत कुणी जात नाही. आणि फटफट्याचा सुट्टीचा दिवस तर उद्याच होता. त्याने उजवीकडच्या झाडाला तीन फिती बांधल्या, सैल गाठीच्या, आणि तो खाली आला.

बारकी त्या वर्षी पहिल्यांदा पळणार होती. वर्षभर तो तिला भल्या पहाटे उठवून डोंगरावर नेत होता. पोरगी वाऱ्यासारखी पळायची, पण वाटेबद्दल हुज्जत घालायची. इथून जवळ पडेल, तिथून सपाट आहे. तेव्हा त्याने तिला दरडावून शिकवलं होतं, की शर्यतीत डोकं बाजूला ठेवायचं. फीत दिसली की जायचं. वाट ओळखीची असली, चुकीची वाटली, तरी फीत म्हणेल तिकडे जायचं. ज्यांनी डोकं चालवलं ते भरकटले.

सकाळी बाईंनी छोटंसं भाषण केलं. आपला लढा पायांनी लढायचा, हातांनी नाही, असं त्या म्हणाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शिट्टी झाली. बारकी पहिल्याच चढावर पुरुषांच्या पुढे निघाली. वळणावर मागे वळून तिने शेपटाला हात केला आणि दिसेनाशी झाली.

सर्वांत मागे एक औषधाचा दुकानदार होता. पोट सुटलेलं, श्वास फुललेला, पण माणूस हसरा. शेपूट त्याच्या मागोमाग फिती सोडवत चालला होता. फाट्याशी आल्यावर औषधवाला डावीकडे वळला.

"तिकडे नाही. उजवीकडे," शेपूट म्हणाला.

"अहो, पण फिती तर इकडे आहेत."

तीन फिती डावीकडच्या झाडाला होत्या. सैल गाठीच्या. उजवीकडचं झाड मोकळं होतं. खालच्या मातीत सगळ्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते आणि ते एकजात डावीकडे गेले होते.

फोन त्या रानात लागत नाही. हातातल्या फिती टाकून शेपूट पळाला. शेवटच्या माणसाला शेपटाने सोडायचं नसतं, पण औषधवाल्याची त्याला शुद्ध नव्हती. आडवाटेने उतरताना त्याला एकेक जण पुढे दिसत गेला आणि तो प्रत्येकाची मान पाहत गेला. ही धड आहे. हा धड आहे. "थांबा," तो ओरडत होता, आणि लोकांना वाटत होतं, शेपूट आज जोशात आलाय. एकाने तर त्याला शाबासकी दिली. मग पुढे घोळका दिसला, आरडाओरडा ऐकू आला आणि त्यात एका इंजिनाची धडधड.

बारकी जमिनीवर होती. तार तिच्या गळ्याला लागली होती. बसलेल्या पुरुषाची छाती आणि उतारावर पुढे झुकून पळणाऱ्या बारक्या बाईचा गळा एकाच उंचीवर येतात, हे त्याने बेतलं नव्हतं. चामडी आडवी फाटली होती, पण रक्तापेक्षा आवाज वाईट होता. श्वास घेताना तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. पळणाऱ्यांतला एक जनावरांचा डॉक्टर तिची मान दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसला होता. बारकीचे डोळे उघडे होते. दादाला पाहून तिचे ओठ हलले आणि नुसती शिट्टीच वाजली.

पलीकडे फटफट्याला मारत होते. झालं होतं असं की फिती त्यानेच हलवल्या होत्या. पहाटे मुख्य वाटेने येऊन तो आणि त्याचे दोस्त फाट्याजवळच्या झुडपात गाड्या लपवून बसले होते. सगळी शर्यत डांबरी रस्त्यावर निघाली की मागून हॉर्न वाजवत जायचं, अशी त्यांची गंमत. किंकाळी ऐकल्यावर दोस्त मुख्य वाटेने पळून गेले. फटफट्या गाडी घेऊन तिच्याकडे आला, तिला उचलून गाडीवर घ्यायला लागला, तेवढ्यात मागची माणसं पोचली. त्यांना दिसलं ते एवढंच: आडवी तार, रक्तबंबाळ पोरगी आणि तिला ओढणारा फटफट्या.

त्यांनी त्याला खाली पाडला होता. अंगात 'झाडं वाचवा' छापलेले बनियन घातलेली माणसं त्याला बुटांनी तुडवत होती. एक बँकेतला साहेब त्याचे केस धरून डोकं जमिनीवर आपटत होता, आणि पाण्याच्या ठाण्यावरून धावत आलेल्या भूगोलाच्या बाई हातातल्या काठीने त्याच्या पाठीवर, मानेवर, जिथे लागेल तिथे मारत होत्या. प्रत्येक फटक्याला त्यांच्या तोंडून "नीच" एवढंच निघत होतं.

"फिती मी हलवल्या," फटफट्या दोन फटक्यांच्या मधे ओरडत होता. "तार माझी नाही. मी माझ्याच वाटेवर तार बांधीन का?"

त्याचं बोलणं बिनतोड होतं आणि ते ऐकून घ्यायला तिथे एकच माणूस तयार होता. तो मूग गिळून उभा राहिला.

"हिचा भाऊ आला," कुणीतरी म्हणालं. गर्दीने वाट दिली. कुणीतरी त्याच्या हातात दगड दिला, चांगला दोन्ही हातांनी धरावा असा. "पहिला हक्क तुझा."

फटफट्याने मान वर केली. एक डोळा मिटला होता, नाकातून रक्त तोंडात जात होतं. तो शेपटाकडे पाहत राहिला. शेपटाला त्याच्या डोक्यात दगड घालता येईना आणि दगड खालीही ठेवता येईना. तो वळला आणि त्याने दगड मोटारसायकलवर घातला. गाडी स्टँडवर उभी धडधडत होती. कुठे मारलं की इंजिन पुन्हा जन्मात सुरू होत नाही, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पहिल्या घावात प्लगची मान तुटली आणि इंजिन बंद पडलं. दुसऱ्यात कार्ब्युरेटर फुटला. तिसऱ्यात गाडी आडवी झाली, पेट्रोल मातीत मुरायला लागलं, तरी तो मारतच राहिला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. लोक ओरडून त्याला चढवत होते.

मग जनावरांच्या डॉक्टरने मान वर केली. मघापासून तो तिच्या गळ्याची सूज बोटाने चाचपत होता.

"हिचा गळा आतून सुजत चाललाय," तो म्हणाला. "उचलून न्यायला वेळ नाही. ती मोटारसायकल चालू आहे ना? मी हिला धरून मागे बसतो."

फटफट्या जमिनीवरूनच हसला, की रडला, ते त्या तोंडावरून कळत नव्हतं.

"चालू होती," तो म्हणाला.

शेपटाच्या हातातून दगड पडला. तो मटकन खाली बसला. डॉक्टर त्याच्यावर खेकसला तेव्हा कुठे उठला.

तिला हातांवर घेऊन ते निघाले, दोघं खांद्यांशी, दोघं पायांशी, डॉक्टर मान धरून पाठमोरा. उतार निसरडा होता. बँकेतला साहेब पहिल्याच वळणावर घसरला आणि बारकीला हिसका बसून शिट्टी थांबली. डॉक्टरने तिची हनुवटी वर ओढली, तेव्हा पुन्हा सुरू झाली. मागून कुणीतरी साहेबाला खसकन बाजूला केलं. फटफट्या होता. त्याचा एक हात लुळा लोंबत होता. दुसऱ्या हाताने त्याने बारकीच्या खांद्याखाली आधार दिला.

"डावीकडून नका. तिथले दगड सुटतात," तो म्हणाला. "मी सांगतो तसं चला."

ही वाट त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. त्याला हाकलायचं कुणाला सुचलं नाही. शेपूट बारकीच्या दुसऱ्या खांद्याशी होता. दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागत होती.

"ब्रेकची तार आहे," फटफट्या त्याला ऐकू जाईल इतकंच बोलला. "सायकलची. फरशीवाल्याकडे असते का रे?"

"हिला खाली पोचू दे."

फटफट्याने रक्त थुंकलं. "पोचू दे," तो म्हणाला, आणि खाली येईपर्यंत रस्त्याशिवाय दुसरं काही बोलला नाही.

एकाने आधीच खाली पळत जाऊन फोन केला होता, त्यामुळे डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका येऊन थांबली होती. तोवर बारकी निळी पडली होती. डॉक्टर तिच्याबरोबर आत चढला, दार लागलं, गाडी गेली. शिट्टी चालू होती की थांबली होती, ते शेपटाला भोंग्यामुळे कळलं नाही. मागोमाग पोलिसांची गाडी आली. बाईंनी फटफट्याकडे बोट केलं. "हाच." फौजदाराने त्याला बेड्या घातल्या. लुळा हात पिरगळला गेला तेव्हा तो ओरडला आणि कुणालाच वाईट वाटलं नाही.

शेपूट बाईंच्या जवळ गेला.

"बाई, तार मी बांधली होती. त्याच्यासाठी."

बाईंच्या काठीला रक्त आणि केस चिकटले होते. मग त्यांनी आईच्या मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला धक्का बसलाय. तू काही बोलला नाहीस आणि मी काही ऐकलं नाही."

"बाई, मी..."

"ऐक माझं. मोटारसायकलवाल्याने तार बांधली, मुलगी मरता मरता... हे उद्या सगळीकडे छापून येईल. त्यांच्यावर कायमची बंदी येईल. मग पालिकेला डोंगर विकायला तोंड राहणार नाही. इतकी वर्षं आपण पळालो ते याचसाठी ना?" त्यांचा आवाज जराही हलला नाही. "आणि तो काय धुतल्या तांदळासारखा आहे का? फिती त्यानेच हलवल्या ना?"

तार कुणी बांधली ते सोडलं तर यातलं काही खोटं नव्हतं. शेपटाने मागे डोंगराकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या डोंगराचा वीट आला. तो पोलिसांच्या गाडीपाशी गेला. आत फटफट्या वाट पाहत बसला होता.

"साहेब," शेपूट फौजदाराला म्हणाला, "तार माझ्या दुकानातली आहे. मी बांधली. याला मारायला बांधली."

फौजदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याने शेपटाला फटफट्याच्या समोरच बसवलं. दार लागताच फटफट्याने बेड्यांसकट उठून त्याच्या नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. फौजदार पुढे पाहत होता. त्याने सावकाश मागे वळून "पुरे" म्हटलं.

चौकीत दोघांना वेगळं केलं. फटफट्याला हाताला पट्टी बांधायला नेलं. शेपटाला फौजदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. एक शिपाई त्याच्या शेजारी उभा राहिला. रुग्णालयात फोन लावतो, असं फौजदार म्हणाला आणि तो लावायच्या आधीच आई दारात आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

शेपूट उठला. आईने त्याचं फुटलेलं नाक पाहिलं आणि तिला वाटलं, त्याने बहिणीसाठी मार खाल्ला. तिने पदराने त्याचं रक्त टिपलं.

"वाचली," ती म्हणाली. "गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. पण बोलणार नाही म्हणाले. कधीच नाही." ती थोडा वेळ त्याचा हात धरून उभी राहिली. मग फौजदाराकडे वळली. आवाज एकदम कोरडा झाला. "तार बांधणारा पकडला म्हणे तुम्ही. मी त्याला हात लावणार नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय."

फौजदार टेबलावरची पेन्सिल उगीच इकडची तिकडे करत राहिला. शिपायाने खाली पाहिलं.

"आई," शेपूट म्हणाला, "हा काय. समोरच आहे."

आईने त्याला दंडाला धरून हलकेच बाजूला सारलं, तो आडवा येत होता म्हणून. त्याच्या मागे तिने नीट पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"कुठाय?" तिने विचारलं.